दारातून सुटणारी गाडी

ये गं पिहू, अशी जवळ बस. खुर्ची नको ओढू, इथं पलंगावरच ये. तू नव्या रायपुरात आणि मी चौबे कॉलोनीत, म्हणजे हे जवळ बसणं या पत्रातलंच, पण रागवायचं असलं की मला माणूस हाताशी लागतं. काल फोनवर काय म्हणालीस तू? "आत्याआजी, ये ट्रेन तो आधे रास्ते में रुक जाती है. छोड़ो ना, इस बार लाइट की लड़ी लगा देती हूँ." आणि मी तोंड उघडायच्या आत "मीटिंग है" म्हणून फोन ठेवलास. अगं पोट्टी, यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदा तुझ्या घरी येणार. माझ्या भावाकडे होत्या, मग तुझ्या बापाकडे, आता तुझ्याकडे. मुखवटे तुला मिळाले, समया मिळाल्या, सोळा भाज्या कोणत्या तेही तुझ्या आईनं सांगितलं. पण आपल्याकडे महालक्ष्म्यांपुढे आगगाडी काहून धावते, ते कोणी सांगितलंच नाही. तुला वाटलं शोभेची आहे. म्हणून म्हणते, बस आणि ऐक. दूध उतू गेलं तर जाऊ दे.

आता तुझ्या बाल्कनीतून राजधानी दिसते, रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा. आमच्या जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात समोरच्या घरी कढीला फोडणी बसली की ठसका आम्हाला लागायचा. दोन खोल्या, पुढे एक लांबुडकी ओसरी, मागे आडवं अंगण. आई, बाबा, मी, आणि तुझा आजोबा, जो तेव्हा रांगत होता आणि जे सापडेल ते तोंडात घालत होता. (मोठा साहेब होऊन रिटायर झाला, पण मी त्याला तार चघळताना पाहिलेलं आहे, हे विसरू नको.) सकाळी मोठ्या लाइनीवरच्या इंजिनाचा भोंगा यायचा, जाडजूड, पोटातून निघालेला. आणि मग धमतरीला जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी, पातळ, चिडक्या पोरीसारखी. आई त्या शिट्टीवर डाळ उतरवायची. घड्याळ होतं भिंतीवर, पण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता.

बाबा रेल्वेत, सिग्नल खात्यात. त्यांचं सगळं काम रुळांमधल्या विजेचं. जेवताना दुसऱ्यांचे बाप पोरींना अभ्यासाचं विचारत, आमचे बाबा ताटात शेवग्याच्या दोन शेंगा समांतर मांडत आणि म्हणत, "हे पाहा कुमे, हे दोन रूळ. दोघांत थोडी थोडी वीज सोडली आहे. ती तिकडच्या टोकाला पोचली, म्हणजे लाइन मोकळी. आता गाडी आली." मग ताटातली हिरवी मिरची त्या शेंगांवर आडवी ठेवायची. "चाकांमधला दांडा लोखंडाचा. त्यानं दोन्ही रूळ जोडले. वीज इथूनच माघारी फिरली, पुढं पोचलीच नाही. झाला सिग्नल लाल!" आई म्हणायची, "गाडी खाऊन घ्या, आमटी थंड होऊन राहिली." मला मात्र ते फार आवडायचं. गाडीला काही बोलावं लागत नाही, नुसतं येऊन उभं राहायचं, की दूरवर कळतं ती आली.

आता महालक्ष्म्यांचं. त्या मूळच्या अमरावतीच्या, बाबांच्या थोरल्या भावाकडच्या. त्या वर्षी मोठे बाबा गेले. मोठ्या आईला मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हाची रीत अशी की नवरा गेलेल्या बाईनं महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत, ओटी भरायची नाही, पुढे यायचंच नाही. इतकी वर्षं जिनं त्यांना साड्या नेसवल्या, जिच्या हाताशिवाय त्यांची मान सरळ बसत नसे, तिनं एका दिवसात दाराशी बसायचं. तुला राग येतो ना? मलाही येतो. तेव्हा मात्र कोणी बोलायचं नाही, मोठी आईही नाही. तिनं पोस्टकार्ड टाकलं: मुखवटे घेऊन येते, तुमच्या घरी नीट होतं का पाहते, नाही तर चुलत घराण्यात देऊन टाकीन. आई ते कार्ड वाचून चुलीशी बसली ती बराच वेळ उठलीच नाही. तिला त्या हव्या होत्या. माहेर लांब, सासर लांब, भाताच्या या मुलखात आपलं म्हणावं असं घरात काहीतरी असावं, एवढंच तिचं मागणं होतं. मला म्हणाली, "कुमे, यंदा काही चुकलं नाही पाहिजे हं."

आणि आमच्या बाबांनी ठरवलं की चुकू नये म्हणून आगगाडी करायची.

दारापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढतात ना, त्या पावलांच्या बाजूनं रूळ. देवी येतील त्यांच्या पावलांनी, आणि सोबत गाडी. रूळ कशाचे, तर मालाच्या पेट्यांना बांधून येते त्या पोलादी पट्टीचे. लाकडी फळ्यांना करवतीनं खाचा पाडायच्या आणि पट्टी उभी बसवायची. पट्टीचे तुकडे लहान, म्हणून जोड पुष्कळ, आणि प्रत्येक जोडावर तांब्याची तार डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, बसवायची. ते काम माझं. डाख द्यायचं लोखंड आईच्या शेगडीत तापायचं, पुरणाच्या डाळीच्या पातेल्याला खेटून. जोड कानशीनं चकचकीत घासायचा, राळ लावायची, लोखंड टेकवायचं, की चर्रर्र! राळेचा धूर निघे आणि घरभर देवळासारखा वास सुटे. आई म्हणे, "आधीच धूप लावून राहिली काय?" बाबांनी मला तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती आज तुला सांगते, लिहून घे पाहिजे तर: रूळ एकमेकांना टेकले म्हणजे जोडले असं समजू नको. माणसाला तो जोड दिसतो, विजेला ती दरी असते. जोडावर भरवसा ठेवायचा नाही, तारेवर ठेवायचा.

इंजिन सागवानाच्या तुकड्याचं, त्यात खेळण्यातली मोटर; मागे एकच उघडा डबा, मालगाडीचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या भैयांनी ट्रान्सफॉर्मरची पेटी बांधून दिली. घरची वीज तिच्यात शिरायची आणि अशी मऊ होऊन बाहेर यायची की बोट लावलं तरी चावायची नाही. आणि चाकं! चाकांवर बाबांचा जीव. कारखान्यातल्या मित्राकडून त्यांनी ती पितळेची कातवून आणली, दोन चाकं आणि मधला दांडा एकाच कांबीतून. हातात घेऊन सगळ्यांना दाखवत. "असली आहे, असली! खऱ्या गाडीचं असंच असते." पिहू, तुला आत्ताच हसू आलं का? नाही ना? मलाही तेव्हा आलं नव्हतं.

मोठी आई रिक्षातून आली ती मांडीवर ट्रंक घेऊनच. वाळलेली, उंच, आवाज मात्र भरदार. आल्या आल्या तिनं बाबांना एक गुंडाळी दिली. मोठ्या बाबांचा काळा, बंद गळ्याचा कोट. "तुम्हीच घाला भाऊजी." बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, खुंटीला लावला आणि तिथंच राहू दिला. मग तिनं घर पाहायला सुरुवात केली. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आईनं नागपूरहून मागवलं होतं. मोठ्या आईनं चिमटीत घेऊन वास घेतला. "जुनं आहे. तुमच्या इथं भाताशिवाय काही पिकतेच नाही काय?" आई म्हणाली, "नाही जाऊबाई." "अन् ही अळवाची पानं? हत्तीच्या कानाएवढी!" दारावरची भाजीवाली खुश होऊन म्हणाली, "हव दीदी, बने हे!" म्हणजे हो ताई, छान आहेत. मोठ्या आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती टोपली उचलून चालती झाली.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. पुढे मी थाळी वाजवत, मागे आई आणि शेजारची काकू मुखवटे घेऊन पावलांवरून. "काय घेऊन आल्या?" "धनधान्य घेऊन आल्या!" मोठी आई दाराच्या बाहेर भिंतीला टेकून उभी. मुखवटे तिच्यासमोरून आत गेले आणि मग ती आत येऊन दाराजवळच्या पाटावर बसली. पाठ मखराकडे, मान मात्र वळलेली. आईनं मुखवटे बसवले. धाकटीची मान थोडी वाकडी बसली, तसा दारातून नुसता सुस्कारा आला. आणि आता वातावरण जरा हलकं करावं म्हणून बाबांनी गाडी रुळावर ठेवली, "पाहा वहिनी!" म्हणाले, आणि बटन दाबलं.

खट्ट. घर काळंकुट्ट.

फ्यूज उडाला होता. समया होत्या म्हणून देवींचे चेहरे तेवढे दिसत होते; तुझा आजोबा अंधारात टाळ्या वाजवत होता. बाबांनी फ्यूजची तार बांधली, दिवे आले, गाडी उचलून पुन्हा ठेवली, आणि पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "पुरे." दाराजवळून मोठ्या आईचा आवाज आला. चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "येता येताच अंधार, सुमन. माणसानं समजून घ्यावं. विसर्जन झालं का मुखवटे माह्यासोबत परत." आई पुरणयंत्र काढायला गेली आणि बराच वेळ तिथंच काहीतरी शोधत राहिली.

सकाळी बाबा एकेक जोड तपासत बसले. "तुह्या डाखात खोट आहे, कुमे." माझ्या डाखात! मला असा राग आला. घर सगळं स्वयंपाकात; वडे, कढी, पडवळ, सोळा भाज्यांचा ढीग. दुपारच्या नैवेद्याआधी काय व्हायचं ते व्हायचं होतं. मी बॅटरीतला सेल काढला, बॅटरीचाच चिमुकला बल्ब घेतला. सेल रुळांच्या दाराकडच्या टोकाला जोडला, बल्ब मखराकडच्या टोकाला. लागला! म्हणजे सगळे जोड धड. माझे जोड! मग सहज डबा उचलून मधे रुळावर ठेवला. बल्ब विझला. उचलला, लागला. ठेवला, विझला. मी किती तरी वेळ ठेवत आणि उचलत होते, आणि मग मला शेवग्याच्या शेंगा दिसल्या, आणि त्यांच्यावरची मिरची.

"बाबा," मी म्हटलं, "तुमची गाडी सिग्नल लाल करून राहिली."

बाबा आले. पाहिलं. डबा ठेवला, उचलला. खाली बसले आणि कपाळावर हात मारून असे हसले की आई लाटणं घेऊन बाहेर आली. "सुमन, जन्मभर याच दांड्यानं वीज अडवली मी! अन् इथं तिले जाऊ द्यायचं होतं, तर इथंही अडवून ठेवली!" दुसऱ्या कोणाच्या बापानं साधी खेळण्यातली चाकं लावली असती आणि गाडी धावली असती. आमच्या बाबांना कामच इतकं चांगलं येत होतं की चुकले.

आता उपाय. दर दांड्याचं एका बाजूचं चाक कापायचं आणि तिथं वीज न जाणारं काहीतरी बसवायचं. इंजिनाच्या पुढच्या दांड्याचं उजवं, मागच्या दांड्याचं डावं, म्हणजे एक दांडा या रुळाची वीज घेईल, दुसरा त्या. "पण चाक आणायचं कुठून आता?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, "बटणं!" मोठं बटण आतून, लहान बाहेरून, म्हणजे चाकाला कडही झाली. बाबांनी उत्साहानं आपल्या युनिफॉर्मची बटणं तोडायला घेतली. "बाबा, ती पितळेची." "अरे हो!" आईच्या डब्यात सदऱ्यांची लहान बटणं ढीगभर, पण मोठी एकही नाही. दुकानं सणाची बंद. बाबांची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली आणि पटकन खाली आली. मीही पाहिलं नाही असं केलं. आईनंही.

"तिकडे काय पाहता भाऊजी?" दाराजवळून आवाज आला. सकाळपासून आमच्याकडे पाठ करून बसलेली मोठी आई केव्हा इकडे वळली होती, आम्हाला कळलंच नव्हतं. "काही नाही वहिनी." "काही नाही कसं? कोट तुम्ही घालून नाही राहिले, मले दिसते. आण गं पोट्टी इकडे." मी कोट नेऊन दिला. तिनं तो मांडीवर पसरला, गळ्यापासून खालपर्यंत एकदा हात फिरवला, आणि कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढून बटणांचे दोरे कापायला लागली. शिंगाची बटणं, काळी, तुळतुळीत. "त्यांनाही असले उद्योग फार आवडत," म्हणाली. एवढंच. चार काढून माझ्या हातावर ठेवली. वरचं एक राहू दिलं.

मग आमची घाई पाहायला हवी होती! बाबा आरीपात्यानं चाकं कापताहेत, मी बटणांची भोकं कानशीनं मोठी करते आहे, शिंग घासलं की केस जळाल्यासारखा वास, आई ओरडते आहे की नैवेद्याला हा वास नको. पार्सलांवर शिक्का मारायची लाख बाबांकडे होती. ती समईवर पातळ करून बटणं दांड्याला चिकटवली. लाख गार होईतो मी फुंकर घालत होते, जसं काही मूल भाजलं आहे.

आरतीची वेळ झाली. शेजारपाजार जमला. बाबांनी गाडी दाराशी रुळावर ठेवली, मोठ्या आईच्या पाटापासून हातभर अंतरावर. आणि इथं, पिहू, आईनं जे केलं ते मी जन्मभर विसरले नाही. पुरणाचं ताट घेऊन ती मखराशी उभी होती. तिथून म्हणाली, "जाऊबाई, गाडी रिकामी येऊन राहिली. माल तुम्ही चढवा."

मोठी आई म्हणाली, "मी? सुमन, मले चालत नाही, तुले माहीत आहे."

"तुम्हाला माल डब्यात ठेवायला सांगून राहिली मी," आई म्हणाली, "देवीला वाहायला कुठं सांगितलं? वाहील ती गाडी. गाडीले कोण अडवते?"

खरंच, गाडीला कोण अडवणार? मोठ्या आईनं इकडेतिकडे पाहिलं. मग पदराच्या गाठीतून एक सुकत आलेलं शेवंतीचं फूल काढलं. अमरावतीच्या अंगणातलं असणार, नाही तर गाठीत कशाला बांधेल? ते डब्यात ठेवलं, त्याच्याजवळ एक सुपारी, आणि बटनावर बोट ठेवून बाबांना विचारलं, "दाबू?"

गाडी निघाली! अंधार नाही, खट्ट नाही. बटणांच्या चाकांवर लंगडत, डुलत, रांगोळीच्या पावलांच्या बाजूनं. अर्ध्यावर गेली आणि थांबली. पाहते तर तुझ्या आजोबानं तिथल्या जोडावरची तार तोंडानं उपटून काढलेली, आणि वर लाळ! डाख द्यायला वेळ कुठला? मी आडवी पडले, तुटलेली तार दोन बोटांनी रुळावर दाबून धरली. गाडी हलली. "चाल माय, चाल," मोठी आई दारातून म्हणत होती, मखराकडे पाहत नव्हती, डब्याकडे पाहत होती. मखराच्या पायरीला इंजिन ठक्कन लागलं, डबा कलंडला, आणि फूल थोरलीच्या पायाशी जाऊन पडलं. कोणी ठेवलं नाही. कोणी वाहिलं नाही. आपलं आपण पडलं.

मी मान वळवून दाराकडे पाहिलं. मला वाटलं मोठी आई रडत असेल. कशाची रडते! "कुमे, परत पाठव," म्हणाली, "माल आहे अजून." मग खारीक गेली, बदाम गेला, हळकुंड गेलं, खोबऱ्याची वाटी गेली. बाबा तारा उलट्या करून गाडी मागे आणत आणि मोठी आई डबा पुन्हा भरी. पूर्ण आरतीभर मी त्या तारेवर बोट दाबून जमिनीवर पडलेली, नाकाला खाज सुटलेली, आणि पुरण निवलं तरी कोणाला घाई नव्हती. आरती संपता संपता मोठी आई एवढं म्हणाली, "धाकटीची मान डावीकडे घे सुमन. हां, आता झालं."

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. मुखवटे पाटावर उतरवून ठेवले होते आणि आई ट्रंक पुसत होती. मोठी आई स्टेशनला निघायच्या तयारीत. ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाली, "रिकामी नेऊ काय आता एवढी मोठी? तुमच्या इथं भाताशिवाय काही पिकत नाही म्हणता, तर तांदूळ भर तिच्यात. वासाचा."

आईला समजायला क्षणभर लागला. मग तिनं असा तांदूळ भरला, असा भरला, की ट्रंकेवर बसल्याशिवाय कडी लागेना. वर मीच बसले होते.

पुढे जगली तितकी वर्षं मोठी आई भाद्रपदात येत राहिली, रिकामी ट्रंक आणून भरलेली नेत राहिली, आणि माल तिनंच चढवला. तर अशी ती गाडी आहे, बाई. शोभेची नाही. आता तुझी काहून थांबते ते सांगते: पेटीतून दोन तारा आल्या, त्या तू एकाच टोकाला जोडल्यास, आणि पुढचं सगळं रुळांच्या जोडांवर सोडून दिलंस. दारापासून लांब गेली की वीज दमते. मधे मधे, थोड्या थोड्या अंतरावर, त्याच दोन तारांच्या फांद्या काढून रुळांना जोड. ही तार याच रुळाला, ती त्याच, अदलाबदल नको, नाही तर तुझ्याही घरी खट्ट होईल. चाकांची काळजी करू नको, आजकाल ती आधीच शहाणी करून विकतात.

आणि मी येईन ना, सणाला येईनच. तुझा बाप गेल्यापासून तुझी आई दाराजवळ बसायची आणि तूच भांडून तिला पुढे बसवलंस, हे मला कळलंय. माझेही हे गेलेले, तरी मलाही हात धरून पुढे नेशील, माहीत आहे, आणि मी येईनही, मला काय धाड भरली आहे? पण गाडी दारातूनच सुटू दे. तिथं एक पाट असू दे. पहिला माल मी चढवीन, मग पुढे येऊन बसेन. फक्त त्याआधी तू ये. तुमच्याकडून इकडे बस मिळत नाही हे कारण माझ्याकडे चालत नाही, गाडी आहे तुझ्याजवळ. येत्या रविवारी ये, रूळ घेऊन ये, डाख मी देते, हात अजून थरथरत नाही. कोटाचं ते राहिलेलं पाचवं बटण माझ्या डब्यात आहे, ते तुझ्या इंजिनाच्या कपाळाला लावू. पुरणपोळी करून ठेवते. ये गं लवकर.